वरच्या दुधाचं माप

आईचं दूध काही कारणानं मिळत नसेल तर बाळाला किती दूध पाजायचं? आज बालरोगतज्ज्ञ याचं उत्तर एका वाक्यात देतात: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १५० मिलि. चार किलोच्या बाळाला ६०० मिलि. आठ वेळा पाजलं तर एका वेळी ७५. या साध्या हिशेबापर्यंत यायला शंभरेक वर्षं लागली, आणि त्या काळात माप ठरवताना बाळालाच विचारायचं राहून गेलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माप घड्याळाच्या हातात होतं. न्यूझीलंडच्या डॉ. ट्रुबी किंग यांनी १९०७ मध्ये प्लंकेट सोसायटी काढली. दर चार तासांनी दूध, रात्री अजिबात नाही, हा त्यांचा दंडक इंग्रजी जगभर पसरला. त्याच देशातल्या एका कंपनीनं १९०६ मध्ये ‘ग्लॅक्सो’ हे नाव नोंदवलं होतं. ही दुधाची पावडर आपल्याकडेही आली आणि गुटगुटीत मूल दिसलं की ‘अगदी ग्लॅक्सो बेबी’ म्हणायची सवय मराठी घरांना लागली. डबा परवडत नसे तिथे गाईम्हशीचं दूध पाणी घालून बोंडल्यानं पाजत. पाणी किती घालायचं, ते घरातल्या मोठ्या बाईच्या अंदाजावर. म्हशीच्या दुधापासून बाळांसाठी पावडर करण्याचं तंत्र म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं बसवलं आणि आणंदच्या अमूलनं तो डबा बाजारात आणला, तेव्हा परदेशी डब्यावरची भिस्त कमी झाली.

पण डबा देशी असो की परदेशी, महाग तो महागच. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर ३० मिलि पाण्याला एक सपाट चमचा असं माप असतं. पगार लांबला की तोच चमचा ६० मिलित पडतो. बाटली भरलेली दिसते, बाळ पितं, पोट फुगतं, वजन मात्र हलत नाही. पाणी उकळलेलं नसेल तर जुलाब सुरू होतात आणि आधीच अर्धपोटी असलेलं बाळ त्यात खंगतं. गरीब देशांतलं हे चित्र १९७४ मध्ये ब्रिटनच्या ‘वॉर ऑन वाँट’ संस्थेनं पुस्तिका काढून जगापुढे मांडलं. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं अशा दुधाच्या विक्रीवर बंधनं घालणारी संहिता ११८ विरुद्ध १ मतानं मंजूर केली. विरोधातलं ते एक मत अमेरिकेचं होतं.

दुसरी चूक जास्त सुशिक्षित होती, म्हणून लवकर कळली नाही. १९७७ साली अमेरिकेत वाढीचे तक्ते तयार झाले आणि पुढे जगभर वापरले गेले. त्यातल्या लहान बाळांची वजनं ओहायोतल्या एका अभ्यासातून घेतलेली होती आणि ती बहुतेक बाळं बाटलीवर वाढलेली. अंगावर पिणारं बाळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर जरा सावकाश वजन घेतं. तक्त्यावर त्याची रेघ खाली झुके आणि आईला सांगितलं जाई, ‘तुमचं दूध पुरत नाही, वरचं चालू करा.’ वरचं चालू केलं की बाळ अंगावर कमी पितं, मग दूध खरंच आटतं. चांगल्या वाढणाऱ्या किती बाळांच्या हाती अशी विनाकारण बाटली आली असेल!

दक्षिण दिल्लीसह जगातल्या सहा ठिकाणच्या सुमारे साडेआठ हजार मुलांच्या मोजमापांवरून जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये नवे तक्ते दिले. यात आईचं दूध पिणारी बाळं प्रमाण मानली गेली. त्याच्या जरा आधी, २००४ मध्ये, तान्ह्या बाळाला किती ऊर्जा लागते याचे आकडेही खाली आणले गेले. बाळाला आपण समजत होतो त्यापेक्षा कमी पुरतं, हे कागदावर आलं.

आईच्या दुधाकडे परत वळण्यात आपल्या राज्याचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. स्तनपानासाठी झटणारी देशव्यापी संघटना, बीपीएनआय, डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झाली. बाळांच्या दुधाविषयीच्या १९९२ च्या कायद्यानं डब्यावरचं बाळाचं चित्र गेलं.

तरी बाटली द्यावी लागणारी घरं आहेत आणि त्या आईला अपराधी वाटायचं कारण नाही. तिला नीट माप हवं. पहिल्या दिवशी किलोमागे ६० मिलि पुरतात, आठवडाभरात १५० पर्यंत जायचं. पुढे एका वेळचं दूध वाढतं, वेळा कमी होतात. दिवसाचा आकडा मात्र लिटरच्या आतच राहतो. सहा महिन्यांनी वरण-भात, खिमट सुरू झालं की दूध हळूहळू उतरतं.

हे आकडे अंदाजाचे आहेत. बाळानं तोंड फिरवलं की बाटलीत उरलेले ३० मिलि ओतून द्या, बळेबळे पाजू नका. दिवसाला सहा-सात वेळा शू होत असेल आणि वजनाची रेघ वर चढत असेल, तर त्याला दूध पुरतं आहे.