कार्ल्याचं लेणं, बेंजो आणि माझा डावा कान

आमच्या रूममध्ये दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणजे मी. नवा अल्बम आला की मेसमधलं जेवण दहा मिनिटांत उरकून, दार लावून, हेडफोन घालून पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एका बैठकीत ऐकणारा. मधे कुणी "जर्नल दे रे" म्हणत आला तर त्याला न बघताच जर्नल देऊन टाकतो (सेमिस्टरला दोन जर्नल्स अशीच हरवली आहेत). दुसरा पक्ष म्हणजे माझा रूम पार्टनर. हा उरणकडचा आगरी. याच्या मते गाणं ही बसून ऐकायची गोष्टच नाही, त्यात घुसायचं असतं. माझ्या अल्बमप्रेमावर त्याचा शेरा ठरलेला : "अल्बम म्हंजे बर्फातलं म्हावरं. खायला मिलतं, पन दर्यावरची चव नाय."

या वाक्याला सायंटिफिक उत्तर द्यायचं म्हणून मी हा लेख लिहायला घेतला. लिहिता लिहिता माझंच मत डळमळलं, ते पुढे येईलच.

चैत्रात तो मला कार्ल्याला घेऊन गेला. एकवीरा आई ही कोळी-आगरी मंडळींची कुलदेवी. चैत्र शुद्ध सप्तमीला तिची पालखी निघते आणि मुंबई, ठाणे, रायगडातून गावंच्या गावं येतात, काही तर पायी पालख्या घेऊन. आम्ही लोणावळा लोकलने मळवलीला उतरलो, तिथून चालत हायवे ओलांडून कार्ला फाटा, मग डोंगर. पायऱ्यांच्या पायथ्यापासूनच बेंजो ऐकू यायला लागला. खरं सांगतो, मी मनातल्या मनात नाक मुरडलं. आपण भीमसेनजींचं रेकॉर्डिंग ऐकणारे लोक, आणि हे काय!

एकवीरेचं देऊळ आणि कार्ल्याचं मोठं चैत्यगृह अगदी शेजारी शेजारी आहेत. एका बाजूला ढोल, ताशा, बेंजो, गुलाल, आणि वीस-पंचवीस पावलांवर जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली शांतता. गर्दी टाळायला मी आत शिरलो आणि थबकलो. बाहेरचा ढोल आत येत होता, पण तो ढोल राहिला नव्हता. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यात विरघळून एक लांबलचक घुमारा झाला होता. मी हळूच एक 'सा' लावून पाहिला. माझा सा (आमच्या गॅदरिंगच्या ऑडिशनला ज्याला दोन वेळा नकार मिळाला तोच) तिथे एकदम भारदस्त वाटला. रखवालदारकाकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मैफल संपली.

असं का होतं? इथे इंजिनीअर जागा झाला.

१८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यान-सभागृह बांधलं होतं आणि त्यात प्राध्यापकाचं बोलणं कुणालाच कळत नव्हतं. (आपल्याकडेही काही वर्गांत हाच अनुभव येतो, पण कारण वेगळं.) वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं, बघ काय करता येतं ते. हा गडी रात्री रस्ता शांत झाला की ऑर्गनची एक नळी वाजवायचा, बंद करायचा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचा. रिकाम्या सभागृहात साडेपाच सेकंदांच्या आसपास लागत. मग त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, थोड्या थोड्या आत मांडल्या आणि दर वेळी पुन्हा मोजलं. पहाटेपूर्वी गाद्या परत जागेवर. हॉस्टेलच्या पोरांना हा माणूस आपला वाटावा असाच आहे.

त्यातून निघालेलं सूत्र सोपं आहे : आवाज विरायला लागणारा वेळ = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण. आणि शोषण मोजायला त्याने एकक काय घेतलं? उघडी खिडकी! एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

आता कार्ल्याच्या चैत्यगृहाकडे या. लांबी सुमारे ३८ मीटर, रुंदी आणि उंची दोन्ही सुमारे १४ मीटर. वरचं छत कमानीचं आणि बाजूच्या पडव्या बुटक्या, म्हणून घनफळ ढोबळमानाने ५००० घनमीटर धरू. आतला सगळा पृष्ठभाग २५०० चौरस मीटर धरू. दगड आवाजाचा जेमतेम दोन टक्के भाग शोषतो, म्हणजे ५० एककं. सूत्रात घाला, उत्तर सोळा सेकंद! पण समोर ती प्रचंड घोड्याच्या नालेसारखी खिडकी आहे, खाली दारं आहेत. ती मिळून ४० चौरस मीटर उघडी धरली की नऊ सेकंद. आणि आत तीनशे माणसं उभी केली तर? एक माणूस कपड्यांसकट साधारण अर्धी 'खिडकी' असतो. म्हणजे आणखी १५० एककं, आणि उत्तर साडेतीन सेकंदांच्या आत. हे सगळे माझे अंदाज आहेत, व्हायवात कुणी विचारू नका. छताला लाकडी फासळ्या आहेत, त्याही थोडं शोषणारच. पण मुद्दा ध्यानात आला ना? माणसं आली की दगडाचा आवाज बदलतो. श्रोता हा मैफलीचा पाहुणा नसतो, तो वाद्याचाच एक भाग असतो. रिकाम्या हॉलमध्ये साउंड चेक छान झालेला असतो आणि कार्यक्रमाला साउंडवाला घाम पुसत नॉब फिरवत असतो, त्याचं एक कारण हेच.

आणखी एक गंमत म्हणजे खांब. चैत्यगृहात सदतीस अष्टकोनी खांब आहेत. सपाट समोरासमोरच्या भिंतींत आवाज टेबल टेनिससारखा इकडून तिकडे आपटतो. खांब त्याला चहूबाजूंना पसरवून टाकतात, म्हणून तिथला घुमारा कर्कश न वाटता मऊ वाटतो. सॅबाइनच्या सल्ल्याने बांधलेला बोस्टनचा सिंफनी हॉल १९०० साली उघडला. तिथे हे काम कोनाडे आणि पुतळे करतात.

पण असल्या जागेत सगळंच चांगलं वाटेल असं नाही. लांब सुरात म्हटलेलं पठण तिथे शोभतं. त्याच ठिकाणी कुणी द्रुत तान घेतली तर सेकंदाला आठ स्वर, प्रत्येक स्वर तीन-चार सेकंद रेंगाळणार, म्हणजे शेवटी स्वरांची खिचडी. आपलं गायन दरबारात, माजघरात, मांडवात वाढलं. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव घ्या. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा उत्सव कापडी मांडवात, हजारो माणसांत होतो. मांडवात घुमारा जवळजवळ नाहीच. तिथे तान दाणेदार ऐकू येते. पूर्वी हा रात्रभर चालायचा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आल्यावर रात्री दहानंतरचे लाउडस्पीकर बंद झाले (सरकार वर्षातले काही दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं), आणि त्याबरोबर उत्तररात्रीचे राग मैफलीत समोर बसून ऐकणंही दुर्मिळ झालं. नियम बरोबरच आहे, तरी हळहळ वाटते.

मग अल्बममध्ये काय होतं? स्टुडिओच्या खोलीत मुद्दाम घुमारा ठेवतच नाहीत, तो नंतर घालतात. कसा? एखाद्या चर्चमध्ये किंवा हॉलमध्ये फुगा फोडायचा, त्याचा विरत जाणारा आवाज रेकॉर्ड करायचा आणि गायकाच्या आवाजाशी त्याचं कन्व्होल्युशन करायचं. होय, सिग्नल्स अँड सिस्टिम्समधलं तेच, ज्यात आमच्या निम्म्या वर्गाला केटी लागली. बंद खोलीत म्हटलेलं गाणं कॉम्प्युटर असं देवळात नेऊन बसवतो.

दुसरी करामत कॉम्प्रेशनची. हे फाइल लहान करणाऱ्या एमपीथ्रीचं नव्हे, आवाजाच्या चढउताराचं. हळू भाग वर उचलायचे, मोठे भाग दाबायचे, म्हणजे गाणं सतत 'मोठं' वाटतं. सीडीला हळू ते मोठा यात ९६ डेसिबलचा पट्टा मिळतो, आणि बऱ्याच नव्या अल्बमांत त्यातला चिमूटभरच वापरलेला असतो. २००८ मध्ये मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' आला तेव्हा चाहत्यांनीच बोंब मारली, कारण व्हिडिओ गेममध्ये घेतलेली तीच गाणी अल्बमपेक्षा मोकळी वाजत होती! आता स्ट्रीमिंगवाले सगळ्या गाण्यांची पातळी सारखी करून वाजवतात, त्यामुळे ही चढाओढ थोडी तरी निरर्थक झाली आहे.

इथपर्यंत लिहून मी रूम पार्टनरला वाचायला दिलं. तो म्हणाला, "म्हंजे बर्फच ना?" मी गप्प.

कारण त्या दिवशी लेण्यातून बाहेर आलो तेव्हा मला बेंजो पहिल्यांदा ऐकू आला. म्हणजे कानावर आधीही पडत होता, ऐकला तेव्हा. या वाद्याची जन्मकथा मजेदार आहे. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणं लावून तंतुवाद्य बनवलं, 'ताइशोगोतो'. ते आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं, मग त्याला पिकअप आणि अॅम्प्लिफायर लागला आणि ते गणपतीपासून हळदीपर्यंत गल्लोगल्ली पोचलं. रवी जाधवांचा २०१६ सालचा 'बेंजो' सिनेमा याच मंडळींवर आहे. तिथे पायरीवर एक काका सहा मात्रांच्या डुलत्या ठेक्यावर कोळीगीत वाजवत होते आणि समोरच्या बायकांची पावलं थकली की लय किंचित सैल करत होते, हात वर गेले की पुन्हा आवळत होते. हे अल्बममध्ये कसं येणार? तिथे लय क्लिकवर बांधलेली.

आता डाव्या कानाबद्दल. गेल्या वर्षी एका कॉलेजच्या फेस्टला मी स्टेजच्या डाव्या बाजूच्या स्पीकरच्या भिंतीला खेटून दोन तास उभा होतो. रूमवर आलो तो कानात 'टीं' असा आवाज, दोन दिवस. व्हायवाला एक्सटर्नलनी विचारलेला प्रश्न मी तीनदा "सर?" म्हणून विचारला. शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. ऑडिओग्रामवर ४००० हर्ट्झपाशी रेघ खड्ड्यासारखी खाली गेलेली. मोठ्या आवाजाने खराब झालेल्या कानाची ती ओळखीची खूण. आतल्या कानात केसासारख्या पंधरा-सोळा हजार पेशी असतात आणि माणसाच्या बाबतीत त्या गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, "खड्डा लहान आहे. मोठा करू नका."

हिशेब असा : ८५ डेसिबलला आठ तास चालतं. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं! आणि फेस्टमधल्या भिंतीजवळ शंभर सहज असतात. मी उभा होतो दोन तास. हेडफोनवाल्यांनीही खूश होऊ नये. लोकलच्या खडखडाटावर मात करायला आपण आवाज वाढवतो तेव्हा तेच चाललेलं असतं. उपाय दोन. स्पीकरपासून लांब उभं राहा (मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की एका स्पीकरचा आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो, मोठी भिंत असेल तर कमी), आणि फोमचे इअरप्लग वापरा. मेडिकलच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात, एका वडापावच्या आसपास किंमत. घातल्यावर गाणं बंद होत नाही, नुसतं उतरतं. पहिल्या दिवशी मित्र हसतात.

कार्ल्याच्या पायऱ्यांवर मी ते घातले होते. काकांनी पाहिलं आणि त्यांना वाटलं पोराला आपलं वाजवणं आवडलं नाही. मी कान दाखवून खुणेनं समजावलं. त्यांनी मान हलवली आणि आपल्या अॅम्प्लिफायरचा नॉब स्वतःच थोडा खाली घेतला. मग मी डाव्या बाजूचा प्लग काढला.

परवा रूम पार्टनरने कोळीगीतांचा एक नवा अल्बम आणला आणि चक्क दार लावून, माझेच हेडफोन घालून ऐकत बसला. अर्ध्यात हेडफोन काढून म्हणाला, "ह्यांनी बेंजो एवढा मागं का ठेवलाय रं?" रात्री दीड वाजेपर्यंत आम्ही त्यावर भांडत होतो. शेजारच्या रूमवाल्यांनी भिंतीवर ठोकलं, त्याचा घुमारा अर्धा सेकंदही टिकला नाही. आमच्या भिंतीवर ओले टॉवेल आणि मळके कपडे बरेच आहेत.