स्मृतीची पाने आणि गल्ल्यातील नोटा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला संगणकाच्या स्मृतीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. मला मात्र तिथे लेखापरीक्षणाचाच प्रश्न दिसतो.

लिनक्स प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृती पानापानांनी वाटतो. एक पान बहुधा ४०९६ बाइटांचे. देताघेताना ते दुसऱ्याच्या वापरात नाही ना, जुनी खूण उरली नाही ना, हे पूर्वी दरवेळी पाहिले जाई. एकच पान दोघांना गेले तर एकाचा हिशेब दुसरा पुसून टाकील! सदोष पान खोट्या नोटेप्रमाणे चलनातून काढतात.

धारगळच्या दुकानांत गल्ला हाताशी नि तिजोरी आत. तसाच प्रत्येक प्रोसेसरपाशी पानांचा गल्ला असतो, मागे सामाईक तिजोरी. वेळ वाचावा म्हणून २०१६ साली, ४.७ या आवृत्तीत, गल्ल्यावरची नित्याची तपासणी थांबली. तिजोरीतून गल्ला भरताना व परत करताना तेवढी उरली. परंतु बहुतेक देवघेव गल्ल्यावरच होते. सदोष पान क्वचितच सापडे, तिजोरीपाशी मात्र खोळंबा होई. २०२३ च्या ६.४ आवृत्तीत तीही काढली. ज्याला कसोशी हवी त्याने तपासणी सुरू करावी. मग ती प्रत्येक देवघेवीला होते.

नमुना-तपासणी आपणही शिकतो. व्यवहार जिथून जातो तिथे ती नसेल, तर तो निव्वळ खर्च होय.