एक की तीन?

शाळेच्या आवारात तुम्ही रोज कावळे पाहता. ते सगळे एकाच जातीचे असतात का? नीट पाहा. ज्याची मान राखाडी असते तो गावकावळा. जो सर्वांगाने काळा असतो आणि ज्याची चोच जाड असते तो डोमकावळा. या दोन वेगळ्या जाती आहेत. येथे रंगाने आपले काम सोपे केले. पण समुद्रात असेही प्राणी आहेत, की ज्यांच्या जाती ओळखताना मोठमोठे शास्त्रज्ञ अनेक वर्षे चुकत राहिले. ते प्राणी म्हणजे प्रवाळ.

प्रवाळाला मराठीत पोवळे असेही म्हणतात. आपण उर्दूत त्याला मूंगा किंवा मर्जान म्हणतो. मात्र अंगठीत बसवतात ते लाल पोवळे वेगळ्या गटातील आहे. आपण बोलणार आहोत ते समुद्रात खडक उभारणाऱ्या प्रवाळांविषयी. असा प्रवाळ पाहिला तर तो दगडच वाटतो. प्रत्यक्षात ती हजारो इवल्या प्राण्यांची वसाहत असते. प्रत्येक प्राणी आपल्याभोवती चुन्याची एक छोटी वाटी तयार करतो. अशा वाट्यांवर वाट्या चढत जातात आणि वसाहत वाढते. महाराष्ट्रात मालवणजवळच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. पण आजची हकिकत दूरच्या कॅरिबियन समुद्रातील आहे.

तेथे एक प्रवाळ फार मोठ्या प्रमाणात आढळतो. 1786 मध्ये एलिस आणि सोलँडर यांच्या ग्रंथात त्याला ॲन्युलॅरिस हे नाव मिळाले. हा प्रवाळ कोठे खांबांसारखा उभा असे, कोठे मोठ्या घुमटासारखा, तर कोठे उंचसखल ढिगासारखा. मग ही एकच जात कशी? शास्त्रज्ञांचे उत्तर ठरलेले होते : "प्रकाशामुळे." ते उत्तर अगदीच चुकीचे नव्हते. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याला प्रकाश लागतो. म्हणून एकच जात उथळ पाण्यात एका आकाराची, तर खोल, अंधुक पाण्यात पसरट होऊ शकते. सावलीतले रोप आणि उन्हातले रोप सारखे दिसत नाही, तसेच हे.

पण मग एक प्रश्न उरतो. हे तिन्ही आकार एकाच खोलीवर, एकाच प्रकाशात, शेजारी शेजारी वाढत असतील तर? पनामाच्या किनाऱ्यावर नेमके तसेच होते! नॅन्सी नोल्टन, अर्नेस्टो वाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे बारकाईने अभ्यास केला. त्यांनी केवळ आकार पाहिला नाही. वाढीचा वेग, वागणूक आणि शरीरातील प्रथिनेही तपासली. 1992 मध्ये त्यांनी जाहीर केले, की ही एक जात नसून किमान तीन जाती आहेत.

आता त्या कशा ओळखायच्या ते पाहू. ॲन्युलॅरिस खांबांसारखा वाढतो. खांबाचा माथा जिवंत असतो, पण खालच्या बाजू मेलेल्या असतात. फॅव्हिओलाटाचा मोठा घुमट होतो आणि त्याच्या कडा झालरीसारख्या पसरतात. फ्रँक्सी ओबडधोबड असतो. त्याच्यावर टेंगळे असतात आणि वाट्यांची मांडणीही असमान असते. गंमत म्हणजे ही नावे नवी नव्हती. फॅव्हिओलाटा हे नाव 1786 चेच, तर फ्रँक्सी 1895 चे. मधल्या काळात सर्वांना एकाच नावाखाली घातले गेले होते. 1994 मध्ये जुनी नावे पुन्हा वापरात आली.

याहून मोठा पुरावा रात्री मिळाला. हे प्रवाळ वर्षातून थोड्याच रात्री बीजे सोडतात. त्या रात्री बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पौर्णिमेनंतर साधारण सहा ते आठ दिवसांनी येतात. (चांद्र महिन्याच्या तारखा मोजणाऱ्या तुम्हांला हा हिशोब सोपा जाईल : वीस ते बावीस तारखेचा सुमार.) अंडी आणि शुक्राणू यांची छोटी गाठोडी तरंगत वर येतात. फ्रँक्सी सूर्यास्तानंतर सुमारे दोन तासांनी ती सोडतो. बाकीचे दोघे त्यानंतर दीड-दोन तासांनी. तेवढ्या वेळात फ्रँक्सीचे शुक्राणू पाण्यात विरळ होतात आणि त्यांचा जोरही कमी होतो. प्रयोगशाळेत फ्रँक्सी आणि ॲन्युलॅरिस यांचा संकर होऊ शकतो. समुद्रात मात्र वेळेचे हे अंतरच त्यांच्यामध्ये भिंत बनते. फॅव्हिओलाटाची गोष्ट निराळी. तो ॲन्युलॅरिसच्याच सुमारास बीजे सोडतो, पण त्याच्या बीजांचा इतर दोघांच्या बीजांशी सहसा मेळ बसत नाही.

तुम्ही म्हणाल, एक असो की तीन, त्याने काय बिघडते? बरेच बिघडते. झाडाच्या खोडात जशी वलये असतात, तसे प्रवाळाच्या सांगाड्यात दरवर्षी थर पडतात. त्या थरांतील ऑक्सिजनच्या प्रकारांवरून जुन्या काळी समुद्र किती उबदार होता याचा अंदाज काढतात. पण वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या वेगाने वाढतात आणि त्यांच्या थरांतील ऑक्सिजनचे प्रमाणही सारखे नसते. दोन जाती एकच समजून मोजमाप केले तर तापमानाचा आकडाच चुकतो. इतकी वर्षे "एका" प्रवाळावर केलेले कितीतरी अभ्यास त्यामुळे पुन्हा तपासावे लागले. आजारांचेही तसेच. कोणती जात घटते आहे हे कळायला आधी ती मोजता आली पाहिजे. 2014 मध्ये अमेरिकेने या तिन्ही जातींना धोक्यात आलेल्या जाती म्हणून कायद्याचे संरक्षण दिले.

ग्रंथालयात शोधताना एक लक्षात ठेवा. 2012 पूर्वीच्या अनेक पुस्तकांत यांच्या प्रजातीचे नाव माँटॅस्ट्रिया असे सापडेल; त्या वर्षी ते बदलून ऑर्बिसेला करण्यात आले.

आणि हो, पनामात ज्या खुणा स्पष्ट दिसतात, त्या सगळीकडे तशाच दिसतील असे समजू नका. बहामा बेटांजवळ मधल्याच रूपाचे प्रवाळ आढळतात. तेथे नुसत्या नजरेने जात सांगणे पाणबुड्यांना नेहमीच जमत नाही.