गाडी घरची, निगाही घरची

मोहल्ल्यातल्या बहुतेक घरांसमोर आज एक तरी दुचाकी उभी असते. सकाळी ती मुलांना शाळेत सोडते, दुपारी दुकानाचा माल आणते, जुम्म्याला अब्बांना मशिदीत पोचवते आणि रात्री-अपरात्री घरात कुणाची तब्येत बिघडली तर दवाखाना गाठून देते. घरातल्या इतर कोणत्याही यंत्रावर आपण इतक्या वेळा जीव सोपवत नाही. तरीही तिच्याकडे लक्ष जाते ते ती बंद पडल्यावरच.

बिस्मिल्ला म्हणून गाडी सुरू करणे, सफरची दुआ पढणे ही आपल्या घरांतली चांगली सवय आहे. पण उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावे, ही शिकवणही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दुचाकीच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे ब्रेक, टायर, चेन आणि ऑइल वेळच्या वेळी पाहणे. त्यासाठी मिस्त्री व्हावे लागत नाही. आठवड्यातून अर्धा तास आणि थोडी हत्यारे पुरतात.

हत्यारे आणि जागा

गाडीसोबत मिळालेले मालकाचे पुस्तक हे पहिले हत्यार. ते बहुतेक घरांत कपाटात न उघडता पडलेले असते. चेन किती सैल हवी, टायरमध्ये हवा किती, ऑइल कोणते, हे सगळे आकडे त्यात असतात आणि ते प्रत्येक गाडीचे वेगळे असतात. त्याखेरीज 10 ते 17 नंबरपर्यंतचे पान्हे, पक्कड, पेचकस, प्लगचा पान्हा, हवा मोजायचे गेज, जुना टूथब्रश आणि सुती चिंध्या एवढे जमवले की काम भागते.

काम उजेडात आणि मोकळ्या हवेत करावे. बंद बोळात किंवा जिन्याखाली इंजिन चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाला बेशुद्ध करतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. पुढच्या खोलीत गाडी आणि मागे स्वयंपाकघर अशी रचना असेल, तर टाकी, कार्ब्युरेटर किंवा पेट्रोलच्या नळीचे काम घरात मुळीच करू नये.

चेन: बोटे सांभाळून

गाडी मेन स्टँडवर लावा, इंजिन बंद करा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. खालच्या बाजूच्या चेनला मधोमध बोटाने वर-खाली हलवून पाहा. लहान गाड्यांत हा ढिलेपणा साधारण 20 ते 30 मिलिमीटर असतो. नेमका आकडा पुस्तकात मिळेल. चाक हाताने फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. फार सैल चेन उतरते आणि चालत्या गाडीचे मागचे चाक अडकवू शकते. फार घट्ट चेन स्प्रॉकेट आणि बेअरिंग खाते.

चेन ताणताना अॅक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखे फिरवावेत. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरके बसते. यात एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. चाक मागे सरकले की मागच्या ड्रम ब्रेकचा रॉडही ताणला जातो. म्हणून चेन ताणल्यावर ब्रेक पुन्हा जुळवलाच पाहिजे. तसे केले नाही तर ब्रेक चाकाला घासत राहतो, ड्रम तापतो आणि पेट्रोलही जास्त जाते.

उघडी चेन रॉकेल किंवा चेन क्लीनरने, टूथब्रश फिरवून साफ करावी. पेट्रोल वापरू नये. पुसून कोरडी झाली की चेनचे ऑइल किंवा स्प्रे लावावा आणि जास्तीचे पुसून घ्यावे. इंजिनातून काढलेले काळे ऑइल चेनला लावायची जुनी रीत सोडून द्यावी. त्यात धातूचे बारीक कण असतात. आणि इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला कापड लावायचे हे कधीही करू नये. कापड ओढले जाते आणि त्याच्याबरोबर बोटेही जातात.

ब्रेक आणि टायर

ड्रम ब्रेकच्या पॅनेलवर बहुतेक गाड्यांत एक बाण आणि एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपाशी पोचला, तर ब्रेक शू बदलायची वेळ आली असे समजावे. नट आवळत राहून दिवस ढकलू नयेत. ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या ब्रेक शूमध्ये अॅसबेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याचे तंतू फुप्फुसात कायमचे राहतात. ओल्या कापडाने पुसावे आणि कापड टाकून द्यावे.

डिस्क ब्रेक असेल तर पॅडची जाडी आणि टाकीतल्या ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलतात. झाकणावर डॉट 3 की डॉट 4 ते लिहिलेले असते, तेच वापरावे. ते रंगावर सांडले तर रंग निघतो. ब्रेकची नळी उघडायचे काम मात्र मिस्त्रीकडेच द्यावे, कारण आत हवा राहिली तर लीव्हर दाबूनही ब्रेक लागत नाही.

टायरची हवा गाडी थंड असताना तपासावी. एकट्यासाठी आणि डबल सीटसाठी मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो. बायको-मुलांना घेऊन जाणाऱ्याने दुसरा आकडा पाहायचा. टायरच्या खाचांमध्ये ठिकठिकाणी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो संपला. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीखही असते. 2323 असेल तर तो 2023 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाला. टायर जुना घेताना किंवा जुनी गाडी पाहताना ही तारीख जरूर वाचावी.

ऑइल: काय घालायचे आणि काढलेल्याचे काय करायचे

मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच बहुधा एकाच ऑइलमध्ये भिजलेले असतात. म्हणून डब्यावर जासो एमए अशी खूण असलेले ऑइल घ्यावे. कारसाठीचे ऑइल स्वस्त मिळाले म्हणून ओतले, तर त्यातल्या गुळगुळीतपणा वाढवणाऱ्या घटकांमुळे क्लच घसरू शकतो. गिअरविना चालणाऱ्या स्कूटरसाठी एमबी खुणेचे ऑइल असते.

बदलताना इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून कोमट करावे, मग बंद करून खालचा बोल्ट काढावा. बोल्ट परत बसवताना जोर लावू नये. इंजिनाचा खालचा भाग अॅल्युमिनियमचा असतो, त्याचे आटे गेले तर शंभर रुपयांचे काम हजारांत जाते. शंभर सीसीच्या आसपासच्या गाड्यांना लिटरभर किंवा त्याहून थोडे कमी ऑइल लागते. जास्त भरले तर गाडीला ताकद येत नाही, उलट इंजिनावर ताण येतो.

काढलेले काळे ऑइल गटारात, नाल्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतणे हा मोठा अन्याय आहे. 2016 च्या नियमांत वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात धरले आहे. आपल्या गटारातले पाणी शेवटी कुणाच्या तरी विहिरीत, नदीत, खाडीत जाते. पाण्याचा हक्क, शेजाऱ्याचा हक्क याबद्दल आपण इतके बोलतो, तो हक्क इथे मोडतो. रिकाम्या डब्यात ते साठवावे आणि जमा झाले की गॅरेजमध्ये द्यावे. तिथून ते अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे जाते ना, हेही विचारावे. हे ऑइल वारंवार कातडीला लागणे घातक असते, म्हणून हातमोजे घालावेत.

ओढणी, बुरखा आणि मागचे चाक

हा भाग घरातल्या मुलींनी आणि त्यांच्या भावांनी एकत्र वाचावा. मागे बसलेल्या बाईची ओढणी, साडीचा पदर किंवा बुरख्याचे टोक चाकात जाऊन होणारे अपघात फार भयंकर असतात. कापड क्षणात गुंडाळले जाते आणि बाई मागे ओढली जाते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम यासाठीच आहे. मागे बसणाऱ्यासाठी धरायला पकड, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असलेच पाहिजे असे तो सांगतो. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते हेच. हौशी मुले गाडी देखणी दिसावी म्हणून ते काढून टाकतात. घरातल्या बाईला ज्या गाडीवर बसायचे आहे, त्या गाडीचे साडी गार्ड आणि चेन कव्हर निघता कामा नये.

त्याबरोबर ओढणीची टोके बसण्याआधी खोचून किंवा गाठ मारून घ्यावीत, बुरख्याचा घेर मांडीखाली दाबून घ्यावा आणि चालवणाऱ्याने मागे एक नजर टाकूनच क्लच सोडावा. हेल्मेट मागे बसणारीलाही लागते. चार वर्षांवरील प्रत्येकासाठी कायदा तेच सांगतो. हिजाबवर हेल्मेट नीट बसत नाही ही तक्रार खरी आहे. जाड पिना आणि वर बांधलेला अंबाडा टाळून पातळ, सपाट बसणारा कपडा आत घेतला, तर योग्य मापाचे आयएसआय खुणेचे हेल्मेट बसते. चार वर्षांखालील मूल असेल तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा.

आणि हे काम मुलांचेच असे समजू नये. कॉलेजला किंवा नोकरीला स्कूटरने जाणाऱ्या मुलीला हवा मोजणे, ऑइलची पातळी पाहणे, ब्रेकचा ढिलेपणा ओळखणे आले पाहिजे. अब्बांनी शिकवले तर त्याहून चांगले काय!

हौस असावी, पण जाणती

बुलेटवर कोकणात उतरणारे, जुनी येझदी जपणारे तरुण आपल्यातही पुष्कळ आहेत. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली येझदी 1996 साली बंद झाली, तरी घरच्या अंगणात तिचे इंजिन खोलून बसणारे हौशी अजून भेटतात. हा छंद चांगला आहे. हाताला काम शिकवतो, धीर शिकवतो.

अशा हौशींनी घाट उतरताना एक पथ्य पाळावे. वरंधा असो की आंबोली, गाडी न्यूट्रलमध्ये सोडून किंवा सारखा ब्रेक दाबून उतरू नये. ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिनच वेग धरून ठेवते. लांबच्या सफरीत क्लचची आणि अॅक्सिलेटरची एकेक केबल, एक प्लग, एक फ्यूज जवळ ठेवावा. पावसाळ्यात गाडी पाण्यात बुडाली असेल, तर स्टार्टर मारू नये. इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत गॅरेजमध्ये न्यावी.

सायलेन्सर फोडून आवाज वाढवणे ही हौस मात्र दुसऱ्याच्या झोपेवर आणि आजारपणावर चालते. शब-ए-बारातच्या रात्री, रमजानमध्ये तरावीहनंतर रस्त्यावर गाड्या उडवणारी पोरे आपल्याच घरची असतात. इबादतीची रात्र दवाखान्याच्या दारात संपू नये यासाठी त्यांना आधी गाडी खोलायला लावावी. ब्रेक शू किती पातळ असतो आणि टायर रस्त्याला किती थोड्या जागेवर टेकतो, हे ज्याने हाताने पाहिले तो पुन्हा चाक उचलताना दोनदा विचार करतो.

मिस्त्रीचा हक्क

घरी सगळे होते असे नाही. टॅपेट, क्लच प्लेट, बेअरिंग, वायरिंग, ब्रेकची नळी ही मिस्त्रीची कामे. गॅरेजच्या धंद्यात आपली कितीतरी माणसे आहेत. उस्तादाच्या हाताखाली शिकून त्यांनी संसार उभे केले. त्यांच्याकडे जाताना काम काय करायचे ते आधी ठरवावे, जुना पार्ट परत मागावा आणि मजुरी त्याच दिवशी द्यावी. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण ईदच्या खुतब्यात ऐकून सोडून देण्यासाठी नाही.

मिस्त्री मंडळींनाही एक विनंती. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 गाड्या आल्या आणि कार्ब्युरेटरच्या जागी फ्यूएल इंजेक्शन आले. सेन्सर आणि स्कॅनर समजून घेतल्याशिवाय पुढे रोजी टिकणे अवघड आहे. आयटीआयमध्ये दुचाकी दुरुस्तीचे शिक्षण मिळते. मुलाला गॅरेजमध्ये बसवण्याआधी दहावी करून तिकडे पाठवावे. 14 वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे 2016 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने सर्वच धंद्यांत बंद आहे. काळ्या ऑइलमध्ये हात बुडवलेला दहा वर्षांचा छोटू हा उस्तादचा शागीर्द नसून शाळेतून हरवलेले मूल आहे.

वस्तू टिकवून वापरणे म्हणजे इस्राफ टाळणे, आणि घरच्यांना सुखरूप नेणे म्हणजे अमानत सांभाळणे. या रविवारी फज्रनंतर गाडी अंगणात काढा, मुलाला आणि मुलीला जवळ बसवा, आणि हवेपासून सुरुवात करा. पुढच्या रविवारी चेन, त्यापुढच्या रविवारी ब्रेक. अल्लाह प्रत्येक घरच्या प्रवाशाला सुखरूप परत आणो.