आधी कोपरा भरा

भालकीच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि हुलसूर-बसवकल्याण पट्ट्यातल्या प्रत्येक कबड्डी मंडळात पावसाळ्यात हाच वाद रंगतो. मंडळाकडे वर्गणीतले थोडे पैसे शिल्लक आहेत, जत्रेच्या सामन्यांना अजून अवकाश आहे, बाहेरगावचा एक चांगला गडी आणता येईल. पोरं म्हणतात, चढाईवाला आणा. वाचक विचारतात, खरंच तोच हवा का?

माझं मत स्पष्ट आहे. चढाईवाले प्रत्येक गावात मिळतात. पैसा लावायचा तो बचावाच्या कोपऱ्यावर, आणि दोन्ही कोपरे सारखेच कच्चे असतील तर डाव्यावर. बहुतेक चढाईपटू उजव्या हाताचे, त्यांचा ओढा समोरच्यांच्या डाव्या बाजूला असतो.

प्रो कबड्डीत पुणेरी पलटणनं हे ओळखलं होतं. नवव्या मोसमासाठी त्यांनी इराणच्या फजल अत्राचलीला १ कोटी ३८ लाखांना घेतलं. डाव्या कोपऱ्याचा हा गडी आला आणि संघ डिसेंबर २०२२ मध्ये अंतिम फेरीत पोचला. जयपूरकडून ३३-२९ असा हरला. पुढच्या लिलावाआधी फजलला सोडलं, पण जागा रिकामी ठेवली नाही. तिथं दुसरा इराणी, मोहम्मदरेझा शादलुई आणला, २ कोटी ३५ लाखांना. आपल्या कर्नाटकचे बी. सी. रमेश प्रशिक्षक होते. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पुण्यानं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ नं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. त्या मोसमात पकडीचे ९९ गुण एकट्या शादलुईचे.

पण खरी शिकवण त्यानंतरची आहे. पुण्यानं शादलुईला सोडलं आणि त्याला २ कोटी ७ लाखांना उचललं कुणी, तर त्याच हरलेल्या हरियाणानं. त्यांच्याकडे उजव्या कोपऱ्यात राहुल सेठपाल होता, कव्हरला कर्णधार जयदीप दहिया होता. भिंत उभी होती, एक खिंडार होतं, ते बुजवलं. २९ डिसेंबर २०२४ ला, तेही पुण्यात बालेवाडीला, त्यांनी अंतिम सामन्यात पाटण्याला ३२-२३ नं हरवलं. पाटण्याकडे देवांक होता, त्या मोसमात चढाईचे ३०० च्या वर गुण घेणारा. एवढा चढाईवाला असूनही चषक हरियाणात गेला. पुणे तर बाद फेरीतही नव्हतं. त्यात अस्लम इनामदारच्या दुखापतीचाही वाटा होता, सगळं खापर एका जागेवर फोडू नये.

मग पुढच्या मोसमात हाच शादलुई २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला आणि गुजरात साखळीतच गारद झालं. गडी तोच, किंमतही जवळपास तीच. म्हणून नुसता कोपरा विकत घेऊन भागत नाही. शेजारी कोण उभा आहे, ते आधी बघावं लागतं.

हे मैदानाच्या कडेला बसून नीट दिसतं. चढाईवाला बोनससाठी पाय टाकतो तेव्हा कोपऱ्याचा गडी शेजाऱ्याचा हात सोडून खाली झेपावतो, घोटा धरतो. तो क्षण अर्ध्या श्वासाचा असतो. तेवढ्यात कव्हरवाला पुढे येऊन अंगानं रस्ता अडवतो, तेव्हा कुठे पकड पुरी होते. तो जागचा हलला नाही तर घोटा धरलेला गडी मध्यरेषेपर्यंत फरफटत जातो आणि गुण समोरच्याचा. लोक म्हणतात, कोपरा कच्चा आहे. कच्चा असतो कव्हर! आपल्याकडे माती पावसानं ओली असली की हे हमखास घडतं, कारण कव्हरवाला घसरायच्या धास्तीनं पाऊल टाकतच नाही.

तेव्हा भालकीकरांनी गडी शोधायच्या आधी एक वही करावी. गुणपत्रिकेवर गुण सापडतात, ते कुठल्या बाजूनं गेले ते सापडत नाही. पानावर सात चौकोन काढायचे, डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत. सरावाच्या सामन्यात जिथं आपला गडी बाद झाला तिथं फुली. पकड सुटली तर धरणाऱ्याच्या चौकोनात गोल, आणि मदतीला यायला हवा होता त्याच्या चौकोनात दुसरा गोल. पाच-सहा सामन्यांत पान बोलायला लागतं. फुल्या कोपऱ्यात दाटल्या आणि शेजारचं कव्हर स्वच्छ असेल, तर पैसे बेलाशक कोपऱ्यावर लावा. गोल कव्हरमध्ये दाटले असतील तर बाहेरून कुणी आणू नका. गावातल्याच दोघांची जोडी रोज संध्याकाळी एकत्र उतरवा, ती जत्रेपर्यंत तयार होते.

वही भरली की त्या पानाचा फोटो मला जरूर पाठवा. इतर मंडळांनीही पाठवावेत.