ट्रॅक्टर-ट्रॉली (बुलढाणा जिल्ह्यातील)

ट्रॅक्टर-ट्रॉली : ट्रॅक्टरच्या मागे जोडून ओढावयाचे, स्वतःचे एंजिन नसलेले मालवाहू वाहन. तांत्रिक परिभाषेत यास ‘ट्रेलर’ म्हणतात. ग्रामीण महाराष्ट्रात मात्र ‘ट्रॉली’ हेच नाव रूढ आहे. मोटर वाहन अधिनियम, १९८८ नुसार ट्रेलरचा अंतर्भाव वाहनांत होतो. पूर्वी बैलगाडीने होणारी बरीचशी शेतमालाची वाहतूक आता ट्रॉलीने होते.

प्रदेश व वापर : अजिंठ्याच्या डोंगररांगांमुळे बुलढाणा जिल्ह्याचे दोन स्वाभाविक भाग पडतात. चिखली, मेहकर, सिंदखेड राजा, लोणार इ. तालुके घाटावर, तर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव इ. तालुके घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात येतात. मुंबई-नागपूर लोहमार्ग घाटाखालून जातो. जलंब-खामगाव हा फाटा १८७० मध्ये मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठी सुरू झाला. बुलढाणा शहरास मात्र लोहमार्ग नाही. त्यामुळे घाटावरील मालास राजूर, बोथा यांसारख्या घाटरस्त्यांवर अवलंबून राहावे लागते. ट्रॉलीतून कापूस, सोयाबीन, तूर, कडबा, शेणखत, विटा, वाळू व टंचाईच्या काळात पाण्याच्या टाक्या नेल्या जातात. लग्नाची वऱ्हाडे, शेगावचे दर्शन, होळीच्या सुमारास भरणारी सैलानीची यात्रा अशा प्रसंगी तीच ट्रॉली माणसांच्या प्रवासासाठीही वापरली जाते.

रचना : दोन चाकी ट्रॉलीत आसाच्या पुढील बाजूस पडणाऱ्या भाराचा काही अंश ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर येतो व त्यांची जमिनीवरील पकड वाढते. माल आसाच्या मागे अधिक भरल्यास जोडाची बाजू वर उचलली जाऊन ही पकड कमी होते. चार चाकी ट्रॉली आपला भार बहुतांशी स्वतः पेलते. तिचा पुढील आस वळता असतो. जोड प्रमाणाबाहेर उंच ठेवल्यास चढावर ट्रॅक्टरची पुढील चाके उचलली जाण्याचा धोका असतो.

उतारावरील धोका : चढावर प्रश्न ओढण्याचा असतो, तर उतारावर थोपविण्याचा. वीसास एक अशा उतारावर ६ टन वजनाची भरलेली ट्रॉली सु. ३०० किग्रॅ. वजनाइतक्या प्रेरणेने ट्रॅक्टरला पुढे रेटते. बहुसंख्य ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागील चाकांना असतात व अनेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. वळणावर एकाएकी ब्रेक दाबल्यास ट्रॉली ट्रॅक्टरला आडवे वळवून उलटू शकते. वेग दुप्पट झाल्यास थांबविण्यासाठी शोषावी लागणारी ऊर्जा चौपट होते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. शेतात जागच्या जागी वळण्यासाठी डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक-पेडल वेगवेगळे वापरतात. रस्त्यावर ते खिळीने एकत्र जोडणे आवश्यक असते, अन्यथा एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो.

सुरक्षितता : ट्रॉलीत आसने, छप्पर वा धरावयाचे दांडे नसतात, स्प्रिंगाही पुष्कळदा नसतात. उभ्या माणसांमुळे गुरुत्वमध्य उंच जातो आणि ट्रॉली कलंडल्यास सर्वजण एकदम बाहेर फेकले जातात किंवा तिच्याखाली दबतात. कायद्याच्या दृष्टीनेही ती प्रवासी वाहन नव्हे. मागील दिवा व परावर्तक पट्ट्या नसलेली, रस्त्याच्या कडेस उभी केलेली ट्रॉली रात्री मागून येणाऱ्या वाहनास दिसत नाही. कापसाचे बोचके वा कडबा बाजूंनी बाहेर आल्यास असलेला दिवाही झाकला जातो. ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक बसविणे, जोडाच्या खिळीस सुरक्षा-साखळीची जोड देणे व मर्यादेत भार भरणे हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. घाटात मालाची ट्रॉली उलटल्यास एका हंगामाचे नुकसान होते. यात्रेकरूंनी भरलेली ट्रॉली उलटल्यास एकाच गावातील अनेक कुटुंबांवर एकाच वेळी आघात होतो. म्हणून माणसांच्या प्रवासासाठी बसचाच वापर करणे इष्ट ठरते.