जुन्या कॅम्पर व्हॅनमधला गॅसचा फ्रिज चालत नाही? आधी शेगडी पेटवून बघा!

मागे ज्योत पेटवायची आणि आत दूध थंड ठेवायचं! ऐकायला विचित्र वाटतं ना? पण अमेरिकेत आजही धावणाऱ्या जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये, म्हणजे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्यांमध्ये, नेमकं हेच घडतं. १९८० च्या दशकातली फोक्सवॅगनची 'व्हॅनॅगन वेस्टफालिया' ही त्यातली एक लोकप्रिय गाडी. तिची दोन बर्नरची शेगडी आणि छोटा फ्रिज, दोन्ही एकाच प्रोपेन टाकीवर चालतात.

अशी गाडी हौसेने घेतली आणि फ्रिज बंद निघाला, तर अनेकजण थेट फ्रिजच उघडायला बसतात. त्याआधी एक सोपी तपासणी करून बघा.

आगीने गार कसं होतं?

१९२२ मध्ये स्वीडनमधल्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी हा फ्रिज शोधला. यात कॉम्प्रेसर नसतो, मोटर नसते, त्यामुळे आवाजही नसतो. ज्योत अमोनिया मिसळलेलं पाणी तापवते. अमोनियाची वाफ वर जाते, मागच्या नळ्यांमध्ये निवते आणि तिचा द्रव होतो. हा द्रव पुढे हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा उडून जातो आणि जाताना फ्रिजच्या आतली उष्णता ओढून नेतो. शेवटी तो पाण्यात विरघळतो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. ही सगळी ये-जा गुरुत्वाकर्षणावर चालते, हे लक्षात ठेवा.

मग आधी शेगडी का?

शेगडी आणि फ्रिज दोघांनाही गॅस एकाच रेग्युलेटरमधून मिळतो. त्यामुळे शेगडी पेटवली की निम्मा शोध तिथेच संपतो.

- दोन्ही बर्नर निळे आणि स्थिर जळतात: टाकी आणि रेग्युलेटर बहुधा ठीक आहेत, दोष फ्रिजकडे आहे.
- दुसरा बर्नर लावताच पहिला मंदावतो: टाकी संपत आली आहे किंवा रेग्युलेटर थकला आहे. अमेरिकेत हा दाब साधारण ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे सुमारे २.७ किलोपास्कल ठेवतात. तो गॅसच्या जाणकाराकडूनच मोजून घ्या.
- एकच बर्नर पिवळा जळतो: त्याच्या नळीत कचरा, गंज किंवा कोळ्याचं जाळं असू शकतं.

गाडी बरेच महिने उभी असेल तर नळीत हवा भरलेली असते. शेगडी थोडा वेळ जाळली की ती निघून जाते आणि फ्रिज पेटायला सोपा जातो.

शेगडी उत्तम, पण फ्रिज पेटत नाही?

वेस्टफालियाच्या फ्रिजला एक छोटा हातपंप असतो. ज्योतीच्या बंद कप्प्यात अडकलेली जुनी हवा आणि ओल त्याने बाहेर ढकलायची असते. काहीजण दोन-चारदा पंप मारून सोडून देतात; तो नेटाने मारावा लागतो. ठिणगी पडते का आणि ज्योत लागली का, हे खालच्या काचेतून बघा.

ज्योत लागते, पण बटण सोडताच विझते? मग संशय थर्मोकपलवर घ्या. ज्योतीने तापून हा तुकडा अगदी थोडी वीज तयार करतो आणि त्या विजेवर गॅसची झडप उघडी राहते. म्हणून ज्योत लागल्यावरही बटण अर्धा-एक मिनिट दाबून धरा. तरीही विझत असेल, तर थर्मोकपल काजळलेला, सैल किंवा निकामी झालेला असू शकतो.

जळतो, पण गार होत नाही?

गाडी सपाट जागी उभी आहे का? उतारावर अमोनिया नळ्यांमध्ये अडकतो आणि चक्र थांबतं. पाणसळ फ्रिजमध्ये ठेवून बघा. आणि धीर धरा: हा फ्रिज गार व्हायला कित्येक तास घेतो. म्हणून सामान आधीच गार करून ठेवा.

मागच्या नळ्यांवर पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर बंद यंत्रणा फुटली आहे. ज्योत लगेच बंद करा. ही दुरुस्ती घरी होत नाही.

इथे हयगय नको

प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. गळला तर गाडीच्या फरशीवर, म्हणजे झोपणाऱ्या माणसाच्या आसपास साचतो. वास आला तर ठिणगी नको, दिव्याचं बटणही नको. दारं उघडा, बाहेर पडा आणि बाहेरूनच टाकी बंद करा. गळती शोधायला साबणाचं पाणी वापरा, काडी कधीही नाही.

थंडीत ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला तो कळत नाही. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड, दोन्हींचे अलार्म गाडीत हवेतच. पेट्रोल भरायला पंपावर जाण्याआधी फ्रिजची ज्योत विझवा.

जुन्या गाडीत फ्रिज बंद असला तर फार तर दूध नासतं. ते परवडतं. गळका गॅस नाही.